उतरली म्हणायचं

निपाणीच्या तंबाखू बाजारापासून सात किलोमीटरवरच्या त्या गावात जयाबाईंचं घर विचारलं, तर कुणी आडनाव विचारत नाही. "नागीण लिवत्यात त्या? पाण्याच्या टाकीम्होरं, निळं दार." एवढं सांगून माणूस आपल्या कामाला लागतो.

नागीण म्हणजे अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे उठणारे फोड. आग होते, ठणका लागतो, झोप येत नाही. संकेश्वर-हुक्केरीकडून येणारी कानडी माणसं तिला सर्पसुत्तु म्हणतात. सुत्तु म्हणजे वेढा, आणि खरी भीती त्या वेढ्याचीच. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस संपला, असं दोन्ही भाषांत मानतात. म्हणून लिहिणारीनं सहाणेवर काव उगाळायची, फोडांभोवती तांबडं कुंपण घालायचं आणि नागिणीच्या तोंडापुढं आडवी रेघ ओढून तिला अडवायचं. जयाबाईंनी चाळीस वर्षांत अशा शेकडो नागिणी अडवल्या. हा आजार बहुतेक वेळा शरीराची मधली रेघ आपणहूनच ओलांडत नाही, हे त्यांना वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं.

लिहिण्याची विद्या सासूकडून आली होती. सकाळी तोंड धुवायच्या आत लिहायचं, पाच दिवस लिहायचं, त्या काळात आजाऱ्यानं वांगं, तेलकट खायचं नाही. पाचव्या दिवशी लिहिणारीनं तीनदा विचारायचं, "उतरली?" आणि आजाऱ्यानं तिन्ही वेळा म्हणायचं, "उतरली." दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती. नागीण ऐकत असते; तिच्या कानावर "न्हाय" पडलं तर ती मागं फिरते, असं सासूनं सांगितलं होतं. तेव्हा सगळेच "उतरली" म्हणायचे. काही हसत, काही दात आवळून. जयाबाईंचं लक्ष शब्दाकडं असायचं, दातांकडं नाही.

बाकी त्यांचं आयुष्य चारचौघींसारखं. लग्न होऊन आल्यापासून विड्या वळल्या. ऐन उमेदीत दिवसाला हजार विडी व्हायची, आणि एकही विडी मोजताना बाद निघायची नाही. नवरा मष्णू शेती बघायचा. मुलगा पुण्याला कंपनीत लागला, सून दिपाली निपाणीच्या एका शाळेत क्लार्क झाली. जयाबाईंची जीभ धारदार होती आणि गावाला ती ठाऊक होती. त्यांनी एकदा कुणाला काही म्हटलं की ते त्या माणसाला चिकटून राहायचं.

भरमूला असंच चिकटलं.

भरमू निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाली करायचा. बोदं, म्हणजे तंबाखूची भरलेली मोठी पोती, उचलून उचलून उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलेला. साठीच्या आसपास त्याच्या त्याच खांद्यावरून छातीवर नागीण उठली. जयाबाईंनी लिहिली, पाचव्या दिवशी विचारलं, भरमू "उतरली" म्हणाला. पंधरा दिवसांत खपल्या गळून पडल्या. महिन्यानं भरमू परत आला.

"आक्का, आत आग हाय अजून."

"वांगं खाल्लं आसशील."

"न्हाय खाल्लं. आंगाला सदरा लागला की इस्तू ठेवल्यागत हुतंय."

जयाबाईंनी खांदा बघितला. कातडी स्वच्छ होती, थोडे पांढरे डाग तेवढे. दोन दिवस परत लिहून दिलं. तिसऱ्या खेपेला तो आला तेव्हा डेअरीच्या दारात जयाबाई चार बायकांत उभ्या होत्या. दुधाची रांग होती. भरमूनं तिथंच विषय काढला. चाळीस वर्षांत लिहिलेली नागीण परत आल्याचं कुणी असं चारचौघांत म्हटलं नव्हतं. जयाबाईंना ते झोंबलं.

"माझ्या हातची नागीण मागं फिरत न्हाय," त्या म्हणाल्या. "कामाला जायाला नगो म्हणून दुखतंय त्येला."

रांग हसली. दुधाच्या किटल्यांबरोबर ते वाक्य घरोघर गेलं. भरमूची बायको तानुबाई हिच्यापर्यंतही गेलं. तानुबाईनं ते खरं मानलं, कारण ते जयाबाईंचं होतं. वखारीतलं काम सुटलं. भरमू उघड्या अंगानं, खांद्यावर ओला, जड टॉवेल दाबून कट्ट्यावर बसायला लागला. थंडीतही तसाच. पोरं त्याला उघडा भरमू म्हणू लागली. पुढच्या वर्षी मुलीचं, राजश्रीचं, लग्न झालं, तेव्हा त्यानं नवा सदरा घातला आणि अक्षता पडायच्या आधी भर मांडवात, वऱ्हाडासमोर तो काढून आचाऱ्यांच्या मागं जाऊन बसला. नवरदेवाकडच्यांना वाटलं, प्यायलाय. राजश्री गडहिंग्लजला नांदायला गेली, ती दोन वर्षं माहेरी आली नाही. आईशी फोनवर बोलायची. आप्पाला दे, असं म्हणायची नाही.

हे सगळं जयाबाईंना ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. आपल्या वाक्याचा त्यात काही भाग आहे, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मग गेल्या दिवाळीनंतर त्यांना स्वतःलाच नागीण उठली. डाव्या बाजूला, छातीखालून पाठीपर्यंत. लिहिणारीनं स्वतःवर लिहायचं नसतं, म्हणून त्यांनी दिपालीला बसवलं आणि रेघ कशी ओढायची ते सांगितलं. दिपालीनं शाळेत जायच्या आधी पाच दिवस न चुकता लिहिलं. डॉक्टरकडं जाऊया का, असंही दोनदा विचारलं. जयाबाई म्हणाल्या, "लोकं काय म्हणतील? नागीण लिवणारी दवाखान्यात?"

पाचव्या दिवशी दिपालीनं शिकवल्याप्रमाणं विचारलं, "उतरली?"

जयाबाईंच्या बरगड्यांखालून कुणीतरी तापलेली सळई फिरवत होतं.

"उतरली," त्या म्हणाल्या. तिन्ही वेळा.

खपल्या पडल्या. कातडी साफ झाली. आग तशीच राहिली, उलट तिची तऱ्हा बदलली. पाटी पडली, दार लागलं, धक्का बसला तर काही नाही. पण झंपराचं कापड नुसतं टेकलं की डोळ्यांत पाणी. पदराची कड लागली तरी तेच. पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा. जयाबाईंनी मष्णूची जुनी, धुऊन विरलेली बनियनं काढली आणि शिवण टोचू नये म्हणून ती उलटी घालायला सुरुवात केली, वरून पदर लपेटून. विड्या वळणं बंद झालं. काव उगाळून मागायला कुणी आलं तर "सोयर हाय" म्हणून परत पाठवू लागल्या. एकाच घरात दोन महिने सोयर कशी असेल, असा प्रश्न गावाला पडायच्या आत तो दिपालीला पडला. दोरीवर सासूचा एकही झंपर वाळत नव्हता. बनियनं मात्र रोजची दोन.

"आत्ती, मामा दिवसाला दोन बनियनं बदलत्यात?"

"घाम लई येतोय त्यांस्नी."

"जानेवारीत?"

जयाबाई पदर सावरत आत गेल्या. दिपालीनं दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन करून बेळगावच्या डॉक्टरची वेळ घेतली.

बेळगावची बस धरली तेव्हा खिडकीतून वारा येत होता. जयाबाईंनी पुढच्या माणसाला काच ओढायला सांगितली. "एवढं ऊन पडलंय की आज्जी," तो म्हणाला, पण ओढली. दोन तासांत त्यांनी चारदा पदर उचलून धरला. दिपाली शेजारून बघत होती. स्टँडवरून रिक्षानं टिळकवाडीत गेल्या. एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावर दवाखाना होता. पाटीवर नाव होतं डॉ. अक्षरा मेत्री आणि खाली लिहिलं होतं, दीर्घकाळ दुखण्यावरचे उपचार. जयाबाईंना ते वाचून जरा विचित्र वाटलं. दुखण्याचंही वेगळं डॉक्टर असतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

डॉक्टर पस्तिशीची होती. गावाचं नाव वाचून तिनं मान वर केली.

"तुम्ही टाकीजवळच्या जयाबाई? मी सोनुबाईची नात. वखारीत चाळणीवर असायची आजी."

जयाबाईंना सोनुबाई आठवली. खालच्या गल्लीतली, लांब हाताची, बोलायला मोकळी.

"आजीलाबी झालती नागीण," अक्षरा रक्तदाबाचा पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "तुमच्या सासूबाईंनी काव पानावर घालून दिली. म्हणाल्या, तुझी तूच लाव."

दिपाली जमिनीकडं बघू लागली. जयाबाई म्हणाल्या, "त्ये पान उंबऱ्याभाईर न्हेऊन ठेवलं ती मीच."

"ठावं हाय. आजीनं नाव सांगितलंय. बनियन जरा वर घ्या."

त्या विषयावर एवढंच बोलणं झालं. अक्षरानं कापसाची बारीक वात घेतली आणि बरगडीवरून हलकी फिरवली. जयाबाई कळवळून मागं सरल्या. मग तिनं तिथंच अंगठ्यानं चांगलं दाबलं.

"आता?"

जयाबाईंनी अंदाज घेतला. "आता न्हाय." आणि स्वतःच्याच उत्तरावर त्यांचा विश्वास बसेना. "दाबल्यावर दुखंना आन् कापसानं दुखतंय. आसं कुठं आसतंय?"

"असतंय. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"सात वर्सांची हुते."

"त्याच कांजिण्यांचा विषाणू. तेव्हा तुम्ही बऱ्या झालात, पण तो गेला न्हाय. पाठीच्या कण्याशेजारी शिरांच्या गाठी असतात, तिथं जाऊन झोपला. एकोणसाठ वर्षं. अंगातली ताकद जरा कमी झाली की उठला आणि शिरेवरून कातडीपर्यंत आला. ती तुमची नागीण." तिनं कागद ओढला आणि एक गोल काढून त्याभोवती छोटे छोटे आकार चिकटवले. "तुम्ही विड्या वळता न्हवं?"

"वळत हुते."

"विडीत तंबाखूभोवती पान असतंय तसं. त्या गाठीत दुखण्याची बातमी नेणारी पेशी मधे, आणि तिच्याभोवती पानासारख्या लपेटलेल्या दुसऱ्या लहान पेशी. त्यांना ग्लायल पेशी म्हणतात. पुढं मज्जारज्जूत आणि मेंदूत बी त्यांचे भाऊबंद असतात. मधल्या पेशीला खायला घालायचं, कचरा काढायचा, तिला शांत ठेवायचं, राखण करायची, ही त्यांची कामं. विषाणू उठला की ह्या राखणदार पेशी खवळतात. खवळायलाच पाहिजे, त्याशिवाय त्याला आवरणार कोण? पण विषाणू परत झोपल्यावर सगळ्यांच्याच पेशी गप्प बसतात असं न्हाय. आत अशी रसायनं सोडत राहतात की मधली पेशी चिडीला येते. मग काहीबी झालं तरी ती दुखतंय म्हणूनच बातमी देते."

जयाबाईंचा चेहरा बघून अक्षरा थांबली. तिनं पेन खाली ठेवलं.

"गेल्या वर्षी तुमच्याकडं चोर आल्याची बोंब उठली होती. गावानं गस्त घातली होती न्हवं?"

"ड्रोन दिसला म्हणत हुते," दिपाली म्हणाली. "दीड म्हैना गस्त चालली. चोर काय सापडला न्हाय. दूधवाल्याला तेवढा चोपला."

"का चोपला?"

"पाटंचं आला म्हणून. रोज पाटंचंच येतोय त्यो. पण पोरं तापलेली."

"हेच ते," अक्षरा म्हणाली. "चोर कधीच गेलाय. गस्त उठलेली न्हाय. हा कापूस म्हणजे दूधवाला."

जयाबाईंना हसू आलं आणि हसल्यानं बरगडी दुखली.

अक्षरानं हेही सांगितलं की यातलं सगळं अजून कळलेलं नाही. बरीच माहिती उंदरांवरच्या प्रयोगांतून आलेली आहे, ग्लायल पेशींनाच गप्प बसवणारं औषध शोधणं चालू आहे, पण हातात आलेलं नाही. सध्या चिडलेली शीर थंड करणाऱ्या गोळ्या आहेत. रात्री घ्यायच्या, कमी डोसानं सुरू करायच्या, पहिले काही दिवस गरगरेल, उठताना भिंत धरायची. कातडी बधिर करणारी पट्टी आहे. पूर्ण जाईल असं वचन देत नाही, निम्म्यावर येईल असं बघू. आणि फोड उठल्यावर पहिल्या तीन दिवसांत आला असतात तर विषाणूवरचं औषध देता आलं असतं. त्यानं फोड लवकर आवरतात.

"तीन दिवसांत," जयाबाई म्हणाल्या. पाच दिवस लिहिण्यात जातात, हा हिशेब त्यांनी मनात केला असावा. मग त्यांनी विचारलं, "ह्ये मागं ऱ्हाणारं दुखणं किती जणांस्नी हुतंय?"

"म्हाताऱ्या माणसांत पाचसहातल्या एकाला तरी."

"आळसानं आसं हुतंय काय कुणाला? भाईरनं सगळं वाळलेलं. आन् माणूस आंगात कापड घालंना, नुसता बसून ऱ्हातोय."

"आळसानं कापूस टोचत न्हाय, आज्जी. कोण हाय ते?"

जयाबाईंनी नाव सांगितलं नाही.

गोळ्यांनी पहिल्या आठवड्यात नुसतं गरगरलं. तिसऱ्या आठवड्यापासून रात्री चार तास सलग झोप लागू लागली. आग होती, पण तिच्यापासून दोन पावलं लांब उभं राहता येत होतं. एका संध्याकाळी चहाच्या वेळी जयाबाई म्हणाल्या, "भरमूकडं जाऊन येते उद्या. माझं चुकलं म्हणून सांगते."

मष्णूनं बशी खाली ठेवली. "चाळीस वर्सं माणसं दारात येत्यात. उद्या म्हणतील, ह्या बाईला काय म्हायत न्हाय."

"म्हायत न्हवतंच की."

"त्याला नुसतं डॉक्टरचं नाव सांगा, आत्ती," दिपाली म्हणाली. "बाकीचं बोलायलाच पायजे असं कुठं हाय?"

वाट तशी सोपी होती. चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला असता, भरमू बेळगावला जाऊन आला असता, दुखणं निम्म्यावर आलं असतं, आणि जयाबाईंचा शब्द गावात होता तिथंच राहिला असता. पण डेअरीतलं वाक्यही होतं तिथंच राहिलं असतं. गोळी खाऊन भरमू सदरा घालून हिंडायला लागला, तर लोक म्हणणार होते, बघा, आळस गेला. हे जयाबाईंना घरात कुणी सांगायची गरज नव्हती. लोक कसं बोलतात ते त्यांना चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. भरमू कट्ट्यावर उघडा बसला होता, खांद्यावर ओला टॉवेल. आतल्या सोप्यात तानुबाई शेंगा फोडत होती.

"काय आक्का, वाट चुकलीस?" भरमू म्हणाला. "आळशी माणसाच्या दारात?"

जयाबाई कट्ट्यावर टेकल्या. काय बोलायचं ते ठरवून आल्या होत्या, ते काही आठवेना. त्यांनी पदर बाजूला केला.

भरमूनं बनियन बघितलं. मग त्यांच्याकडं बघितलं.

"मष्णूआण्णाचं?"

"त्यांचंच. उलटं घातलंय. शिवण टोचती."

भरमूनं विचारलं, "वाऱ्यानं बी?"

"वाऱ्यानं बी."

"पंखा?"

"आडीच म्हैनं झालं, बंद हाय."

"आण्णाचं हाल हायती म्हण की." एवढं बोलून तो हसला, आणि हसता हसताच टॉवेल सावरला.

आतला शेंगांचा आवाज थांबला होता. जयाबाईंनी आवाज जरा चढवला, तानुबाईला ऐकू जावं म्हणून. "नागीण वाळती भाईरनं. आत शिरंत दुखणं ऱ्हातंय. राखणदार पेशी आसत्यात, त्या खवळल्या की गप बसत न्हाईत. बेळगावच्या डाक्टरीनबाईनं कागदावर काडून दावलंय. तुझं तसंच हाय. मी तुला उतरली म्हणाय लावलं, तू म्हणालास. दिपालीनं मला इचारलं तवा मी बी म्हणाले. उतरली न्हवती. डेअरीम्होरं मी बोलले ते खोटं हुतं."

"ह्ये मला सांगून काय?" भरमू म्हणाला. "मला म्हायतच हाय. तवा ज्यांस्नी सांगितलंस, त्यांस्नी सांग."

"सांगते. सकाळी डेअरीत जाते, रांग आसतीया तवा."

तानुबाई दारात येऊन उभी होती. हातात शेंगांची टरफलं तशीच. "तीन वर्सं," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. टरफलं सुपात टाकून, हात लुगड्याला पुसून ती आत गेली आणि मोबाईल घेऊन बाहेर आली. राजश्रीचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन जयाबाईंच्या पुढं धरला.

"आधी हितं सांग," ती म्हणाली. "डेअरी उद्या."

तिकडून राजश्री "आई, बोल की" म्हणाली. जयाबाईंनी आपलं नाव सांगितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली: कांजिण्या, शिरेची गाठ, पेशी, कापसाची वात. मधेच शब्द अडले तिथं विडीचं पान सांगितलं. मग मांडवातली गोष्ट काढली. "नव्या सदऱ्याला कांजी आसतीया, बाळ. खरखरीत आसतंय ते कापड. मी ह्यांचं विरलेलं बनियन घालते तरी मला सोसंना झालंय. तुझ्या बानं तो सदरा आर्धा तास आंगात ठेवला. कसा ठेवला आसंल, ते मला आता कळतंय. आळस म्हणून मी म्हणाले हुते. ती माझी चूक."

फोन कट झाला की काय म्हणून तानुबाईनं पडद्याकडं बघितलं. सेकंद चालू होते.

"आप्पाला दे," राजश्री म्हणाली.

भरमूनं डाव्या हातानं फोन घेतला आणि उजव्या खांद्यापासून लांब धरला.

"आप्पा, एवढं दुखत हुतं तर मला का सांगितलं न्हाईस?"

भरमूनं एकदा जयाबाईंकडं बघितलं, एकदा बायकोकडं.

"सांगितलं हुतं की गं," तो म्हणाला.